कराचीवरून जाणारी रेषा

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटरने भागले की आठ तास येतात. प्रत्यक्षात मुंबईहून हीथ्रोला पोहोचायला साडेनऊ-दहा तास लागतात आणि परतीला नऊच्या आसपास. मग हे ७,२०० नेमके कसले अंतर?

भिंतीवरच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावर दोन शहरांमध्ये पट्टी ठेवली, तर रेषा तुर्कस्तान-सीरियाच्या सीमेजवळून जाते. ती सरळ दिसते, पण जवळची नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा. तो उत्तरेकडे सरकतो आणि सुमारे दोनशे किलोमीटर वाचवतो. कच्छ, कराची, बलुचिस्तान, इराण, तिबिलिसीच्या थोडे दक्षिणेला प्रवासाचा मध्यबिंदू, मग काळ्या समुद्राचा किनारा, क्रिमिया, दक्षिण युक्रेन असा तो जातो. ७,२०० हे या दोऱ्याचे माप आहे.

या दोऱ्यावरून आज विमान जात नाही. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. २०१९ मध्येही काही महिने हेच घडले होते. वळसा पडला की इंधन वाढते, इंधनाच्या वजनापायी माल कमी घ्यावा लागतो, आणि हे सारे शेवटी तिकिटात उतरते.

जाण्यायेण्यातला फरक मात्र राजकारणाचा नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंतही जातो. विमानाचा वेग हवेच्या संदर्भात असतो, जमिनीच्या नव्हे. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. (घड्याळाचे साडेचार किंवा साडेपाच तास हा वेगळा हिशोब. तो यात मिसळला की घरची माणसे भलत्याच वेळी विमानतळावर जाऊन उभी राहतात.)

शिवाय वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. हीथ्रोवर उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालणे नित्याचे. ही मिनिटे आधीच धरलेली असतात. म्हणूनच उशिरा सुटलेले विमान कधीकधी वेळेवर पोहोचते.

मार्च १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीपर्यंत सेवा सुरू केली, तेव्हा प्रवासाला आठवडा लागे आणि वाटेत युरोपात एक टप्पा आगगाडीचा असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीतून टपाल घेतले आणि अहमदाबादमार्गे ते जुहूला उतरले. जून १९४८ मध्ये एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ लंडनला निघाले ते कैरो आणि जिनिव्हामार्गे. कराची तेव्हा परदेशात गेली होती.