भंडाऱ्यात वीज कंपनी बदलता येत नाही, मग घरासाठी विजेचा 'प्लॅन' निवडायचा कसा?

एप्रिल उजाडला की विदर्भात माळ्यावरचा कूलर खाली येतो आणि महिनाभराने वीजबिल हातात पडतं. आकडा बघून घरात पहिला प्रश्न निघतो, "एवढं कसं काय आलं?" आणि दुसरा, "मोबाईलचं सिम बदलतो तशी वीज कंपनी बदलता येत नाही का?"

भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर, मोहाडी... जिल्ह्यातल्या सातही तालुक्यांत घरगुती ग्राहकासाठी या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे. इथे वीज महावितरणचीच. पण घराची वीज कशी घ्यायची, यात निवडीला जागा आहे. ती चुकली तर हजारो रुपये अडकतात आणि नीट जमली तर बिल निम्म्याहून खाली येतं. हे गणित समजून घेऊ.

कंपनी का बदलता येत नाही?

जुन्या वीज मंडळाचं ६ जून २००५ ला विभाजन झालं. वीज तयार करणं महानिर्मितीकडे, मोठ्या वाहिन्या महापारेषणकडे आणि घरापर्यंत वीज पोहोचवणं महावितरणकडे आलं. दर महावितरण स्वतः ठरवत नाही. ती प्रस्ताव देते, सुनावणी होते आणि महाराष्ट्र वीज नियामक आयोग दर मंजूर करतो.

२००३ च्या वीज कायद्यात एकाच भागात दोन कंपन्यांना परवाना देण्याची सोय आहे. मुंबईच्या उपनगरात ती दिसते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरच्या बाजूने निकाल दिला आणि पुढे तिथल्या घरगुती ग्राहकाला दोन कंपन्यांपैकी एक निवडता येऊ लागली. आज ही निवड टाटा आणि अदानी यांच्यात असते. भंडाऱ्यात घरगुती ग्राहकाला अशी सोय मिळालेली नाही.

शेजारच्या नागपूरचं उदाहरण अनेकांना आठवेल. २०११ ते २०१९ या काळात शहराच्या काही भागाचा कारभार खासगी फ्रँचायझीकडे होता. पण तीही निवड नव्हती. बिल देणारा बदलला, ग्राहकापुढे पर्याय तेव्हाही एकच होता.

मग परदेशात गावच वीज निवडतं, ते कसं?

अमेरिकेत काही राज्यांत नगरपालिका सगळ्या रहिवाशांच्या वतीने घाऊक वीज खरेदीचा करार करते. मॅसॅच्युसेट्सने १९९७ मध्ये तसा कायदा केला, कॅलिफोर्नियाने २००२ मध्ये. तारा आणि खांब जुन्याच कंपनीचे, वीज मात्र नगरपालिकेने ठरवलेल्या पुरवठादाराची. ज्याला नको असेल तो बाहेर पडू शकतो.

आपल्याकडे नगर परिषद किंवा ग्रामपंचायत घरांसाठी अशी वीज खरेदी करत नाही. आपल्याकडे गावाची भूमिका आली ती छतावरच्या सौरऊर्जेतून.

'३०० युनिट मोफत' म्हणजे नेमकं काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' आणली. १ कोटी घरांवर सोलर बसवण्याचं उद्दिष्ट, ७५ हजार २१ कोटींची तरतूद आणि २०२६-२७ पर्यंतचा कालावधी. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये मात्र फक्त '३०० युनिट मोफत' एवढंच उरलं.

सरकार प्रत्येकाच्या बिलातून ३०० युनिट वजा करणार, असा याचा अर्थ नाही. तुम्ही स्वतःच्या छतावर पॅनल बसवायचे, सरकार अनुदान देणार आणि त्या पॅनलमधून जेवढी वीज तयार होईल तेवढी तुमच्या वापरातून वजा होणार. अनुदान असं:

१ किलोवॅट: ३० हजार रुपये
२ किलोवॅट: ६० हजार रुपये
३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त: ७८ हजार रुपये

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट वीज मिळते. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात कमी.

घोळ कुठे होतो? किती किलोवॅट, यात

आपल्या बिलात टप्पे असतात. ० ते १०० युनिट सगळ्यात स्वस्त, १०१ ते ३०० महाग, पुढे आणखी महाग. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्याचा वीज आकार ४.७१ रुपये होता, दुसऱ्याचा १०.२९ आणि ३०१ ते ५०० चा १४.५५. शिवाय प्रत्येक युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार. त्यानंतर दर बदलले आहेत, त्यामुळे स्वतःच्या ताज्या बिलावरचे दर घ्या. हिशेबाची रीत मात्र तीच.

सोलर बसवला की सगळ्यात आधी तुमचे सगळ्यात महागडे युनिट कमी होतात. म्हणजे पहिला किलोवॅट सर्वात जास्त पैसे वाचवतो आणि शेवटचा सर्वात कमी. विक्रेता हे सहसा सांगत नाही.

दोन घरं घेऊ. सोप्या हिशेबासाठी स्थिर आकार आणि वीज शुल्क बाजूला ठेवू, वरचेच दर धरू. सोलरची किंमत केंद्राने अनुदानासाठी धरली तीच घेऊ: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ५० हजार, तिसऱ्याला ४५ हजार.

पहिलं घर: महिन्याला २५० युनिट. बिल होतं साधारण २ हजार ३०७ रुपये. २ किलोवॅटमधून २२० युनिट आले तर उरतात ३० आणि त्यांचे होतात १७६ रुपये. म्हणजे महिन्याला २ हजार १३० रुपयांची बचत. अनुदान वजा जाता खर्च ४० हजार. प्रत्यक्ष कोटेशन जास्त येऊन पदरचे ७० हजार गेले, तरी ते पावणेतीन वर्षांत वसूल होतात.

याच घराला तिसरा किलोवॅट घ्यायला लावला तर? त्याचा जादा खर्च २७ हजार आणि बचत फार तर १७६ रुपये महिना. वसूल व्हायला १२-१३ वर्षं.

दुसरं घर: महिन्याला ८० युनिट. बिल ४७० रुपयांच्या आसपास. ३ किलोवॅट बसवला तर अनुदानानंतरही ६७ हजार जातात आणि वाचतात तेच ४७० रुपये. जवळजवळ १२ वर्षं. 'जास्तीत जास्त अनुदान ३ किलोवॅटला' हे ऐकून अशा घराने कर्ज काढणं म्हणजे स्वस्त मिळालं म्हणून दोन माणसांच्या घरात पोतंभर कांदे आणण्यासारखं.

जास्तीची वीज विकून पैसे मिळतील, असंही सांगितलं जातं. जादा युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात हे खरं. पण आर्थिक वर्ष संपलं की, म्हणजे ३१ मार्चला, उरलेल्या युनिटचा हिशेब मिटतो आणि त्याचा दर तुम्ही वीज घेता त्यापेक्षा बराच कमी असतो. हिवाळ्यात साठवलेले युनिट एप्रिलच्या कूलरला कामी येत नाहीत. म्हणून क्षमता थोडी कमी चालेल, फार जास्त नको.

१०० युनिटच्या आत वापर असेल तर?

अशा घरांसाठी राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वेगळी योजना मंजूर केली. तिचं छोटं नाव 'स्मार्ट'. १ किलोवॅटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याची भर पडते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १७ हजार ५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकांना १५ हजार आणि इतरांना १० हजार. ५० हजारांच्या संचासाठी पदरचे अनुक्रमे २ हजार ५००, ५ हजार आणि १० हजार. वरच्या ८० युनिटच्या घराचे १० हजार दोन वर्षांच्या आत वसूल होतात. लाभार्थ्यांची संख्या राज्यभरात ५ लाखांपर्यंत मर्यादित आहे, त्यामुळे निकष बघून लवकर अर्ज केलेला बरा.

छतच नाही किंवा घर भाड्याचं आहे, मग?

कवेलूचं घर, सावलीत गेलेली गच्ची, भाड्याची खोली, अशांना सोलर जमत नाही. त्यांच्यासाठी वेळेचा पर्याय आहे. नवा टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर झाली. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री ही कामं दिवसा उरकली तर फरक पडतो. पण रात्रभर चालणाऱ्या कूलरला याचा उपयोग नाही. तिथे वापर १०० किंवा ३०० च्या टप्प्याखाली ठेवणं हाच खरा उपाय.

सही करण्याआधी हे तपासा

१. मागच्या १२ महिन्यांचे युनिट जोडून १२ ने भागा. एकट्या मे महिन्याच्या बिलावर निर्णय घेऊ नका.
२. बिल कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या नावाचं मीटर असेल तर आधी नाव बदलून घ्या.
३. विक्रेता पीएम सूर्यघर पोर्टलवर नोंदणीकृत आहे का? किमान दोन-तीन कोटेशन घ्या.
४. अनुदान संच सुरू झाल्यावर थेट तुमच्या बँक खात्यात येतं. 'अनुदान मिळवून देतो, आधी पैसे द्या' म्हणणाऱ्याला आणि अनोळखी लिंकला लांब ठेवा.
५. विक्रेत्यावर ५ वर्षं देखभालीची जबाबदारी असते. ती करारात लिहून घ्या.
६. साधा सोलर संच वीज गेली की बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला शॉक बसू नये म्हणून तशी रचना असते. वादळात लाइट हवी असेल तर बॅटरीचा खर्च वेगळा.
७. बिल पूर्ण शून्य होईलच असं नाही. स्थिर आकार द्यावाच लागतो.

आणि गावाने काय करायचं?

सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. आपल्या जिल्ह्यातल्या बेला ग्रामपंचायतीला त्याच वर्षी कार्बन न्यूट्रल पंचायतीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे हे काम भंडाऱ्याला परकं नाही.

सूर्यघर योजनेत प्रत्येक जिल्ह्यातून एक आदर्श सौरग्राम निवडून त्याला १ कोटी रुपये द्यायची तरतूद आहे. ५ हजारांहून जास्त लोकसंख्येची गावं त्या स्पर्धेत उतरू शकतात. शिवाय हद्दीत बसलेल्या प्रत्येक घरगुती संचामागे ग्रामपंचायत किंवा नगर परिषदेला १ हजार रुपये प्रोत्साहन मिळतं. म्हणून ग्रामसभेत हा विषय काढायला हरकत नाही. दहा-वीस घरांनी मिळून कोटेशन मागवलं तर भाव करायला जोर येतो आणि नाव बदलण्यासारखी कामं एकाच शिबिरात होतात.

मीटरवर कंपनीचं नाव तेच राहील. पण आत किती युनिट फिरणार, हे बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी सोलरचं पत्रक घेऊन दारात आलं, तर 'अनुदान किती?' याआधी घरातल्यांना विचारा: वर्षाचं सरासरी आपलं किती युनिट जळतं?