रुमी मस्तकीच्या गावाला

घरापुढचे अंगण सारवावे, तसे खिओस बेटाच्या दक्षिण भागात झाडाखालचे अंगण तयार करतात. जून उजाडला की बुंध्याभोवतीचे गवत खरवडायचे, खडे वेचायचे, जमीन चोपून सपाट करायची, झाडून घ्यायची आणि वर चाळलेली पांढरी माती पसरायची. झाड जेमतेम दोन-तीन मीटर उंच, बुंधा पिळवटलेला, पाने काळपट हिरवी. त्याच्या पायाशी पांढरेशुभ्र वर्तुळ. टेकडीच्या उतारावर अशी शेकडो वर्तुळे एका नजरेत दिसली की बसमधल्या गप्पा आपोआप थांबतात.

ग्रीसच्या पूर्वेला, तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून अवघ्या सात किलोमीटरवर हे बेट आहे. क्षेत्रफळ ८४२ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे ५० हजार. सांतोरिनी आणि मिकोनोसकडे धावणाऱ्या जहाजांची गर्दी इथे नाही. समोरच्या चेश्मे बंदरातून तासाभरात येणारे तुर्की पाहुणे, अथेन्सहून रात्रभर बोटीने आलेली कुटुंबे आणि तुरळक परदेशी, एवढीच ये-जा. त्यांच्यासाठी सकाळी बंदरावरून एक बस निघते, दक्षिणेची गावे आणि किनारा दाखवते आणि दिवस मावळायच्या आत परत आणून सोडते. सप्टेंबरच्या मध्यावर निघालेल्या अशा एका बसमध्ये वीसेक माणसे होती. त्यांत साताऱ्याकडच्या एक निवृत्त वैद्यबाई आणि त्यांचे यजमान होते.

इतिहास मार्गदर्शक मुलीने शहराबाहेर पडेपर्यंतच उरकला. होमर आमचाच, असे म्हणणाऱ्या गावांत खिओस पुढे आहे. १३४६ पासून १५६६ पर्यंत इथे जेनोव्हाच्या व्यापाऱ्यांचा अंमल होता, नंतर तुर्कांचा. १८२२ मध्ये ग्रीक उठावाच्या काळात सुलतानाच्या फौजेने इथे भीषण कत्तल केली. दोन वर्षांनी देलाक्र्वाने त्यावर काढलेले चित्र आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. १८८१ च्या भूकंपाने उरलेसुरले पाडले. १९१२ मध्ये बेट ग्रीसमध्ये आले. हे सगळे सांगताना तिचा आवाज सपाट होता. दक्षिणेच्या रस्त्याला लागल्यावर मात्र तो बदलला, कारण ती त्याच भागातली.

शहर संपते तिथेच कांबोस लागते. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या तांबूस दगडाच्या भिंती, आत संत्र्या-मोसंब्यांच्या बागा आणि व्यापाऱ्यांचे जुने वाडे. जेनोव्हाकडच्या घराण्यांनी हे वाडे उठवले. भिंती एवढ्या उंच का, तर समुद्रावरचे वारे आणि धूळ झाडांना लागू नये म्हणून. वाड्याच्या अंगणात विहीर, विहिरीवर लाकडी रहाट आणि बाजूला पाण्याची टाकी. ‘अहो, हा आपला रहाटच की!’ वैद्यबाई म्हणाल्या. त्याला इथे ‘मांगानोस’ म्हणतात. जनावर गोल फिरायचे, पाणी वर यायचे, टाकीतून पाटांत जायचे. काही वाड्यांत रहाट नीट राखले आहेत. काही दारांना गंजलेली कुलुपे आहेत आणि भिंतीवरून दिसणाऱ्या फांद्यांना वर्षानुवर्षे कात्री लागलेली नाही. वारसदार अथेन्सला, लंडनला, अमेरिकेला. खिओसची जहाजमालक घराणी जगभर गेली आणि त्यांच्यामागे बागांकडे बघायला माणूस उरला नाही.

पुढे आर्मोलिया हे कुंभारांचे गाव येते आणि मग शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर पिर्गी. नावाचे मूळ ‘बुरूज’ या शब्दात. गावाच्या मधोमध जुना बुरूज पडक्या स्थितीत उभा आहे. पण पाहुण्यांची नजर बुरुजावर ठरत नाही, भिंतींवर ठरते. घर, दुकान, देऊळ, बाल्कनीचे पोट, कमानीची आतली बाजू, सगळे काळ्या-पांढऱ्या नक्षीने भरलेले. त्रिकोण, चौकटी, वर्तुळे, मधूनच पानफूल. या कामाला ‘क्सिस्ता’ म्हणतात, म्हणजे खरवडलेले. चुना आणि गडद वाळूचा गिलावा भिंतीवर चढवायचा, त्यावर चुन्याचा पांढरा हात द्यायचा आणि ओल आहे तोवर काट्याने नक्षी खरवडायची. पांढरे निघते तिथे खालचे काळे दिसते. चूक झाली तर खोडता येत नाही. तेवढा भाग पुन्हा लिंपावा लागतो. रांगोळी घालणाऱ्या बाईचा हात आणि गवंड्याचा हात एकाच माणसात लागतो, आणि असे गवंडी आता थोडे राहिले आहेत. सप्टेंबरात या भिंतींपुढे लालभडक टोमॅटोंच्या माळा टांगलेल्या असतात. हिवाळाभर पुरायची ती बेगमी.

चौकाच्या कडेला एका बोळातून आत शिरले की प्रेषितांचे छोटे बिझंटाईन देऊळ दिसते. बाहेरून विटांचे काम, आत १६६५ मध्ये क्रीटच्या चित्रकाराने रंगवलेल्या भिंती. बसच्या वेळापत्रकात पिर्गीला चाळीस मिनिटे होती. देवळात जाणाऱ्याला बोळ पाहता येत नाहीत आणि बोळांत रमणाऱ्याला देऊळ राहून जाते. चाळीस मिनिटांत आटपावे असे हे गाव नाही.

पिर्गीपासून जरा पुढे बस कच्च्या रस्त्याला लागते आणि एका शेताशी थांबते. इथे सत्तरी ओलांडलेली एक बाई झाडाखाली जवळजवळ जमिनीला टेकून बसलेली होती. डोक्याला रुमाल, हातात बारीक टोकाचे लोखंडी हत्यार. तिने मान वर केली, हसली आणि पुन्हा कामाला लागली. मार्गदर्शक मुलीने तिच्या शेजारी उकिडवे बसून तिचे शब्द एकेक करून पाहुण्यांना सांगितले.

झाडाचे गावातले नाव ‘स्किनोस’. पिस्त्याच्या कुळातले. याच जातीची झुडपे भूमध्य समुद्राच्या काठाने सगळीकडे वाढतात. पण राळेसाठी वाढवलेले झाड आणि त्याची पिढ्यानपिढ्यांची मशागत खिओसच्या दक्षिणेला आहे. लावणी बियांनी नव्हे, फांदी खोचून. पाच-सहा वर्षांनी झाड राळ देऊ लागते, पूर्ण उत्पन्नाला आणखी बरीच वर्षे. जुलैच्या मध्यापासून सालीला ‘केंतोस’ म्हणजे टोचणी सुरू होते. चीर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची आणि फक्त काही मिलिमीटर खोल. जास्त खोल गेली तर झाड दुखावते, उथळ राहिली तर थेंब येत नाही. एकाच दिवशी साऱ्या चिरा द्यायच्या नाहीत. आधी बुंध्याच्या खाली, मग हळूहळू फांद्यांकडे, काही आठवडे. चिरेतून आलेला पारदर्शक थेंब सालीवर लोंबतो किंवा खालच्या पांढऱ्या मातीवर पडतो आणि पंधरा-वीस दिवसांत घट्ट होतो. ती पांढरी माती याचसाठी. चुनखडीची असल्याने थेंब स्वच्छ राहतो आणि लवकर सुकतो. वेचणी पहाटेच्या गारव्यात करतात, कारण ऊन चढले की थेंब मऊ होतात आणि हाताला चिकटतात. एवढे सगळे करून एका झाडामागे वर्षाला दीडशे-दोनशे ग्रॅम.

बाईने मुठीतले दोन खडे वैद्यबाईंच्या तळहातावर ठेवले. एक स्फटिकासारखा, दुसरा दुधट. त्यांनी वास घेतला, एक खडा दाताखाली धरला. आधी किंचित कडू, मग देवदारासारखा गार वास घशापर्यंत.

‘अहो, ओळखलात का? ही आपली रुमी मस्तकी!’

ओळख बरोबर होती. महाराष्ट्रातल्या काष्ठौषधींच्या जुन्या दुकानांत बरणीत दिसणारी रुमी मस्तकी ती हीच. ‘रूम’ म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचा आणि नंतर तुर्कांचा मुलूख. युनानी हकिमांच्या पोटाच्या औषधांत जवारिश मस्तगी प्रसिद्ध आहे. चाळीस वर्षे वैद्यकी करताना वैद्यबाईंनी ही राळ पुड्यांत बांधून दिली होती, पण ती कोणत्या झाडाची, कोणाच्या हातची, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसले. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी या राळेचा जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूवर होणारा परिणाम नोंदवला. युरोपच्या औषध नियामक संस्थेनेही साध्या अपचनासाठी पारंपरिक औषध म्हणून तिला जागा दिली आहे. बाईला यातले काही सांगायची गरज नव्हती. तिने स्वतःच्या पोटावर हात फिरवून मान डोलावली.

मग तिने गोष्ट सांगितली. इसिदोर नावाचा रोमन आरमारातला तरुण ख्रिस्ती झाला. सम्राट डेसियसच्या काळात, इसवी सन २५१ च्या सुमारास, त्याला खिओसवर पकडले, छळले आणि घोड्यामागे बांधून रानातून फरपटत नेले. त्याचे रक्त सांडले तिथली झाडे रडली. ते अश्रू सुकून मस्तकी झाले. म्हणूनच थेंबांना इथे आजही ‘दाक्री’, अश्रू, म्हणतात. ती हे सांगत होती तेव्हाही तिची बोटे थांबली नव्हती. एक खडा मातीतून उचलायचा, फुंकर मारायची, टोपलीत टाकायचा. ज्या जागी संताला फरपटले ते रान बोटाने दाखवावे तितके जवळ, असा तिचा सूर होता.

या अश्रूंनी गावे वाचवलीही आणि बांधूनही ठेवली. जेनोव्हाच्या व्यापाऱ्यांनी मस्तकीचा व्यापार मुठीत ठेवला आणि चोरीला अवयव कापण्यापर्यंतच्या शिक्षा ठरवल्या. तुर्क तर बेटालाच ‘साकिझ’, म्हणजे मस्तकी, म्हणत. इस्तंबूलच्या जनानखान्यात ही राळ चघळली जाई. मस्तकीची गावे सुलतानाला राळेच्या रूपाने कर देत आणि त्याबदल्यात त्यांना वेगळ्या सवलती असत. १८२२ च्या कत्तलीत बाकीचे बेट उजाड झाले, तेव्हा या गावांना बऱ्याच प्रमाणात अभय मिळाले. १९३८ मध्ये उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला आणि माल दलालांच्या हातून सुटला. सहकाराचे मोल जाणणाऱ्या सातारकरांनी ही माहिती दोनदा विचारून घेतली.

दुपारी बस एंबोरिओसच्या खाडीत उतरते. पलीकडच्या ‘माव्रा व्होलिया’ किनाऱ्यावर वाळू नाही, काळे गुळगुळीत गोटे आहेत, फार जुन्या ज्वालामुखीचे. लाट मागे फिरते तेव्हा हजारो गोटे एकमेकांवर घासून खळखळतात आणि पाण्याखाली तळ काळा असल्याने समुद्र गडद निळा दिसतो. खिशात गोटा घालू नका, असे मुलीने दोनदा बजावले. शेजारच्या टेकडीवर १९५० च्या दशकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले आणि प्राचीन वस्ती व देवळाचे अवशेष उजेडात आणले. त्या चढाला दिवसाच्या सहलीत वेळ नसतो. खाली खानावळीत मासे, तळलेले वांगे आणि शेवटी ‘पाणबुडी’ येते. गार पाण्याच्या ग्लासात चमचा बुडवलेला, चमच्यावर मस्तकीच्या पांढऱ्या गोड पाकाचा गोळा. चमचा चाटायचा, पाणी प्यायचे, पुन्हा बुडवायचा. उन्हातून आलेल्या माणसाला दुसरे काही नको वाटते.

शेवटचा मुक्काम मेस्ता. इथे गावाला वेगळा तट नाही. कडेच्या घरांच्या मागच्या भिंती एकमेकींना जोडून त्यांचाच तट केलेला. बाहेरच्या बाजूला पूर्वी दारे-खिडक्या नसत. आत बोळ इतके अरुंद की दोन माणसांनी अंग चोरावे, आणि वर घरांना जोडणाऱ्या कमानी. चाच्यांचा हल्ला झाला की लोक सपाट गच्च्यांवरून एका घरातून दुसऱ्या घरात जात मधल्या बुरुजाकडे पळत. तो बुरूज गेला आणि त्या जागी एकोणिसाव्या शतकात देवदूताचे मोठे देऊळ उभे राहिले. संध्याकाळी देवळापुढच्या चौकात चार म्हातारे आणि एक मांजर होते. बंद घरे मोजायला सुरुवात केली तर एका बोळात पाच-सहा सहज भरतात. काहींचे आता पाहुण्यांसाठी भाड्याचे घर झाले आहे. कुलूप लागण्यापेक्षा ते नक्कीच चांगले. पण त्या घरांतून हिवाळ्यात मस्तकी निवडण्याचा आवाज येत नाही.

ती निवड हेच या गावांचे खरे हिवाळी जीवन होते. वेचलेला माल चाळायचा, गार पाण्याने धुवायचा आणि मग बायकांनी टेबलाभोवती बसून बारीक सुरीने एकेका खड्यावरची माती, सालीचा तुकडा काढायचा. एका घरचा माल झाला की शेजारणीचा. गाणी, उखाळ्यापाखाळ्या, इसिदोरची गोष्ट, सगळे त्याच टेबलावर मुलींच्या कानावर पडे. २०१४ मध्ये युनेस्कोने मस्तकीच्या लागवडीच्या या ज्ञानाला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतले. २०१६ मध्ये पिर्गीजवळच्या टेकडीवर सुंदर मस्तकी संग्रहालय उघडले. दोन्ही गोष्टी अभिमानाच्याच. पण संग्रहालयात हत्यारे काचेमागे आहेत, आणि शेतात ती धरायला तरुण हात कमी पडत आहेत. २०१२ च्या ऑगस्टमधल्या वणव्यात हजारो झाडे जळाली. २०२५ च्या उन्हाळ्यात बेट पुन्हा पेटले. जळालेल्या जागी नवी फांदी खोचणाऱ्याला पुरेसे उत्पन्न येईपर्यंत दहा-बारा वर्षे थांबावे लागते. एवढा धीर धरणाऱ्या कुटुंबाला सरकारने आणि बाजाराने हात द्यायला हवा.

परतीला बस पुन्हा त्या शेतावरून गेली. ऊन कलले होते, पांढरी वर्तुळे पिवळसर दिसत होती. बाई घरी गेलेली. सकाळी तिने पाण्याची बाटली ठेवलेल्या झाडाखाली टोपली नव्हती, फक्त बसायचे फाटके पोते होते, दुसऱ्या दिवसासाठी घडी घालून बुंध्याला टेकवलेले. वैद्यबाईंनी पर्समधून रुमालाची गाठ काढली, दोन खडे अजून आहेत ना ते पाहिले आणि यजमानांना म्हणाल्या, ‘आता पुडी बांधताना हिचे हात आठवतील.’