विंचवाचं विष चढतं म्हणजे काय होतं?

‘इंचू चावलो’ म्हटलं की मालवण पट्ट्यात अजूनही कित्येक घरांत आधी उतरवणाऱ्याला बोलावणं जातं. चिरे हलवताना, सोडणांच्या ढिगात हात घालताना डंख बसतो. कळ बोटातून कोपरात, कोपरातून खांद्यात जाते आणि ‘विष चढलं’ अशी हाकाटी होते. मग मंत्र म्हणत हात वरून खाली फिरवला जातो, काही तासांत कळ ओसरते आणि विष उतरल्याची ग्वाही गावभर फिरते. हे ऐकताना आता संयम सुटतो, कारण त्याच तासांत एखादं लहान मूल हातचं जाऊ शकतं.

दंडातून वर चढते ती कळ. बोटाच्या त्वचेतल्या संवेदी चेतातंतूंचा संदेश हाताच्या मोठ्या चेतांमधून मानेजवळच्या मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूत पोहोचतो. विष त्या वाटेने रांगत जात नाही. ते रक्तातून आणि लसिकेतून सगळ्या शरीरात पसरतं, त्यामुळे हात फिरवून खाली आणण्यासारखं तिथे काही उरतच नाही. बहुतेक डंखांत कळ आपोआप कमी होते आणि श्रेय मंत्राला मिळतं.

खरा धोका चेतासंस्थेच्या दुसऱ्याच भागाला असतो. मेंदू आणि मज्जारज्जू ही मध्यवर्ती चेतासंस्था. त्यांतून निघणाऱ्या कपालचेतांच्या 12 आणि मेरुचेतांच्या 31 जोड्या ही परिघीय. या परिघीय संस्थेतच एक स्वायत्त विभाग आहे. हृदयाचे ठोके, घाम, रक्तवाहिन्यांचं आकुंचन तो आपल्या इच्छेविना सांभाळतो. त्याच्या दोन शाखा, अनुकंपी आणि परानुकंपी, बहुतेक ठिकाणी एकमेकींच्या उलट काम करतात. लाल विंचवाच्या विषाने चेतातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा बंदच होत नाहीत आणि दोन्ही शाखा बेफाम संदेश सोडू लागतात. आधी दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, मुलग्यांत लिंगाची ताठरता. पाठोपाठ हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो, आकसलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. अशा गंभीर विषबाधेत डंखाच्या जागी कळ थोडीशीच असू शकते. म्हणजे ज्या खुणेवरून गावात ‘उतरलं’ म्हणतात, तीच खूण फसवी.

ही माहिती परदेशातून आलेली नाही, आपल्याच कोकणातली आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असे रुग्ण पाहिले, रात्ररात्र त्यांच्याजवळ बसून लक्षणं टिपली आणि 1982 मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वापरून त्यांनी रक्तवाहिन्यांवरचा अनुकंपी चेतांचा मारा रोखला. गंभीर रुग्णांतला पूर्वीचा 30 ते 40 टक्के मृत्युदर या उपचाराने एका टक्क्याच्या आसपास आला. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतात, हे महाडमध्येच झालेल्या चाचणीतून 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालं. 2022 मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. एवढं सगळं कोकणात घडूनही कोकणातच मंत्राची वाट धरली जावी, याचं वाईट वाटतं.

विंचवाबद्दलच्या आणि एकूण शरीराबद्दलच्याही आणखी काही समजुती. मोठी काळी इंगळी जास्त जहाल असते: नाही, लहानसा लाल विंचू तिच्याहून कितीतरी घातक. करकचून बांधलं किंवा ब्लेडने चिरलं की विष थांबतं: थांबत नाही, जखम मात्र वाढते. पोटरीत शिरेवर शीर चढते: तो स्नायूचा गोळा असतो, शिरा जागच्या जागी असतात. वारं लागून अर्धांग होतं: मेंदूची रक्तवाहिनी तुंबल्याने किंवा फुटल्याने होतं. मेंदूचा फक्त दहावा भाग वापरला जातो: सगळा वापरला जातो.

विंचू चावलाच तर अंगठी, बांगड्या काढा, माणसाला शांत ठेवा. प्राझोसिन घरच्या घरी देऊ नका, रक्तदाब एकदम कोसळू शकतो. मूल असेल तर कळ कमी झाली तरी थांबू नका. घाम, उलटी किंवा गार हातपाय दिसले तर 108ला फोन करा आणि जवळचं आरोग्य केंद्र, नाहीतर मालवणचं ग्रामीण रुग्णालय गाठा. मंत्र म्हणायचाच असेल तर गाडीत बसल्यावर म्हणा.