कायतान्याचे नियम : आजी-आजोबांशी थोडे बोलणे

(शब्बाथ संपून हवदाला झाल्यावर सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे, ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)

गब्बाईंनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि घड्याळ माझ्यासमोरच ठेवले आहे. म्हणून प्रस्तावना न लांबवता विषयाकडे येते.

दरवर्षी जूनच्या अखेरीस प्राथमिक शाळा बंद होतात आणि १ सप्टेंबरपर्यंत घरात मुले व बाहेर अश्दोदचे दमट ऊन अशी अवस्था होते. आईबाप कामावर असतात. म्हणून आपल्या आवारात लहान मुलांचा कायताना भरतो आणि गेली अकरा वर्षे त्याची व्यवस्था माझ्याकडे आहे. नियमांची पत्रिका हिब्रूत असते, ती मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाईलवर जाते आणि तेच सही करतात. सकाळी साडेसातला नातवंडाचा हात धरून फाटकाशी येतात ते मात्र तुम्ही. ज्याने नियम वाचला तो फाटकावर नसतो आणि जो फाटकावर उभा असतो त्याला नियम कोणी सांगितलेला नसतो. आमची बहुतेक भांडणे याच जागी होतात, आणि ती मराठीतच होतात. म्हणून आजचे बोलणेही मराठीत.

सर्वांत कटू विषय आधी घेते, तो म्हणजे मूल कोण नेणार त्याची यादी.

तीन वर्षांपूर्वी दुपारी एक गृहस्थ एका सहा वर्षांच्या मुलाला न्यायला आले. ते त्याचे सख्खे मामा होते. मूल ‘दोद, दोद’ करीत धावत गेले आणि त्यांच्या गळ्यात पडले. फाटकावर आमची एक मद्रीखा होती, वय सतरा. यादीत मामांचे नाव नव्हते. तिने मुलाच्या आईला फोन केला, तो लागला नाही. मग तिने मला बोलावले. मी त्या गृहस्थांना चांगली ओळखत होते. त्यांच्या बार मित्झवाला मी जेवले आहे. तरीही मी त्यांना झाडाखाली खुर्ची दिली, थंड पाणी दिले आणि आईचा फोन येईपर्यंत चाळीस मिनिटे बसवून ठेवले. त्यांना फार लागले. त्यांच्या मातोश्री स्त्रियांच्या बाजूला माझ्या शेजारी बसतात. त्या रोश हशानापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी असे का केले, हे समजण्यासाठी त्याच्याही आधीची, माझ्या चुकीची गोष्ट सांगायला हवी. कायताना माझ्याकडे आल्याच्या दुसऱ्या वर्षी एका मुलीला मी ओळखीवर शेजारणीबरोबर जाऊ दिले. बाई आपल्यातल्या, रोज दिसणाऱ्या, मुलीला खेळवणाऱ्या. दहा मिनिटांनी मुलीचे आजोबा आले. नात कुठे आहे ते मी सांगितले. ते शेजारणीच्या घरी गेले, तर दाराला कुलूप. बाई मुलीला घेऊन आइस्क्रीम खायला गेल्या होत्या आणि मोबाईल घरातच राहिला होता. हृदयविकाराचे औषध घेणारे ते आजोबा अर्धा तास भर उन्हात रस्त्यांवरून नातीला हाका मारीत फिरले. मुलगी सुखरूप होती, परमेश्वराची कृपा. पण त्या संध्याकाळी त्यांचा चेहरा मी पाहिला आहे आणि तो मला अजून दिसतो.

आपण मुंबईत, ठाण्यात, पेण-अलिबागकडे वाढलेली माणसे. मी माझगावच्या सर एली कदूरी शाळेत जात असे, तेव्हा शाळा सुटल्यावर जो कोणी ओळखीचा भेटेल त्याने बोट धरावे आणि घरी आणावे, अशीच रीत होती. मामा, काका, मावशी ही नाती रक्तावर ठरत नव्हती. त्या दिवसांची मलाही ओढ आहे. परंतु फाटकावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीकडून आपण काय अपेक्षा करतो, याचा विचार करा. आलेल्या माणसाचा चेहरा पाहून तो विश्वासाचा आहे की नाही हे तिने ठरवावे? एखाद्या घरात आईबापांचा दावा चालू असतो आणि मूल कोणत्या दिवशी कोणाकडे राहील हे न्यायालयाने नेमून दिलेले असते. ते तिला ठाऊक नसते, आणि ठाऊक असूही नये. मुलांना होणारी इजा बहुतेक वेळा अनोळखी माणसाकडून होत नाही, ओळखीच्याकडूनच होते. हे बोलायला जड जाते, पण ते तसेच आहे. यादी असली म्हणजे त्या मुलीला कोणाचाच न्याय करावा लागत नाही. ती फक्त नाव वाचते. तुमच्यावर अविश्वास दाखवण्यासाठी हा नियम केलेला नाही. तिच्या खांद्यावर न पेलणारे ओझे पडू नये म्हणून केला आहे. म्हणून माझी ओळख असली तरी मी तो मोडीत नाही. मी एकदा मोडला की दुसऱ्या दिवशी तिला ‘काल तर जाऊ दिलेत’ हे ऐकावे लागते.

हाच कडकपणा आम्हालाही लागू आहे, हेही सांगते. परवान्याशिवाय कायताना भरवता येत नाही. तो कायदा १९९० चा आहे. आमच्याकडे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला २००१ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांचा दाखला आणावा लागतो, मग तो आपल्या हज्जानांचा मुलगा का असेना. मुलाला सांभाळणाऱ्यानेच त्याच्यावर अत्याचार केल्याचा सबळ संशय आला, तर तो कळवण्याची सक्ती १९८९ पासून प्रत्येक नागरिकावर आहे. ‘समाजातली गोष्ट समाजात मिटवू’ असे मला कृपा करून कोणी सांगू नये.

आता डब्याविषयी. येथेही एक दुखावलेली आजी आहे आणि आज ती सभागृहात बसलेली मला दिसते आहे. गेल्या उन्हाळ्यात नातवाच्या वाढदिवशी तिने पहाटे उठून साऱ्या गटासाठी तिळाचे लाडू वळून आणले. आम्ही ते फाटकावरूनच परत केले. तिच्या डोळ्यांत पाणी आले. स्वयंपाकघराच्या पावित्र्याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. शंका तिळाचीच होती. या देशात लहान मुलांना ज्या पदार्थांची ॲलर्जी आढळते, त्यांत दूध आणि अंडे यांच्या पाठोपाठ तिळाचा क्रम लागतो. म्हणजे तहिना, हलवा, तीळ लावलेला पाव आणि आपला लाडू. त्या गटात असे एक मूल होते. त्याच्या आईने कोणाला सांगू नका अशी विनंती केली होती, म्हणून त्या दिवशी मला कारणही सांगता आले नाही. आज त्या आईची परवानगी घेऊन बोलते आहे.

शेंगदाण्याबद्दल मला हमखास ऐकवले जाते की इथली मुले दात येण्याआधीपासून बाम्बा खातात, त्यांना काय होणार? बोलण्यात तथ्य आहे. लंडनमधील आणि येथील ज्यू मुलांची तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली. तेथे शेंगदाण्याची ॲलर्जी शेकडा १.८५ मुलांना होती, येथे शेकडा ०.१७. पुढे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की ज्या तान्ह्या मुलांना ही ॲलर्जी होण्याचा धोका अधिक असतो, त्यांना लवकर शेंगदाणा खाऊ घातल्यास ती पुष्कळ कमी मुलांना होते. तेव्हा बाम्बाला दोष देऊ नका. पण शेकडा ०.१७ म्हणजे शून्य नव्हे, आणि आपल्या घरात दाण्याचे कूट कशात नसते? पोह्यांत, खिचडीत, कोशिंबिरीत, सुक्या चटणीत. डबा भरणाऱ्या हाताला ते घालताना जाणवतही नाही. म्हणून कायतान्याच्या डब्यात दाणे आणि तीळ दोन्ही नकोत. ज्या मुलाला डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचे पेन दिले आहे, त्याचे पेन त्याच्या पिशवीत हवे. आजोबांच्या मोटारीत विसरलेल्या पेनाचा उपयोग नाही. ओठ सुजले, श्वास लागला, तर मांडीत पेन टोचून लगेच १०१ ला फोन करायचा, एवढे आमच्या प्रत्येक मद्रीखाला शिकवलेले असते.

डब्यात मांस नको, कारण जेवणाची खोली दुधाच्या पदार्थांची ठेवली आहे. तसेच आपल्या नातवंडाला सांगा की घास वाटून खाऊ नये. हे सांगताना माझीच जीभ अडखळते. आम्हाला लहानपणी याच्या नेमके उलट शिकवले होते. पण कोणाच्या घरी कोणता हेख्शेर चालतो हे मुलांना कळत नाही. वाढदिवसाला काही द्यायचेच असेल तर हेख्शेर असलेले, न उघडलेले पाकीट आदल्या दिवशी आमच्याकडे द्यावे.

आव महिन्याचे पहिले नऊ दिवस बहुधा कायतान्यातच येतात. त्या दिवसांत तलावावर नेत नाही आणि तिशा बेआवला कायताना बंद असतो. त्याआधी आम्ही मुलांना वाल भिजत घालायला लावतो, मोड आले की सगळी मिळून सोलायला बसतात. बिरड्याचा रोजा असे का म्हणतात हे आमच्या मुलांना पाठ करावे लागत नाही. ते त्यांच्या नखांत जाऊन बसलेले असते. या दिवशी सोलायला मदत करणाऱ्या आज्या हव्या आहेत. ही अधिकृत मागणी समजावी.

पोहण्याविषयी इतकेच, की जीवरक्षक जागेवर असल्याशिवाय एकही मूल पाण्यात उतरत नाही आणि आईबापांची लेखी संमती नसलेले मूल काठावरच बसते. काही आज्या संमती देऊ देत नाहीत. त्यांना मी म्हणते, मुलाला पोहायला शिकवावे असा एक मत तालमूदातही नोंदलेला आहे. आणि नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले तेव्हा आपले पूर्वज काठाला लागले म्हणून आज आपण येथे बसलो आहोत.

उन्हाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. टोपी आणि पाण्याची बाटली नसलेल्या मुलाला आम्ही आत घेतो, पण अंगणात सोडत नाही. सकाळी मूल येणार नसेल तर सव्वाआठपर्यंत निरोप द्या. निरोप नसेल तर साडेआठला आमचा फोन येतोच, आणि तो उचला. काही जण चिडतात, ‘मूल घरी झोपले आहे, कशाला उठवता?’ म्हणतात. हा फोन हजेरीसाठी नसतो. बंद मोटार उन्हात उभी असली की पहिल्या दहा मिनिटांतच आतील उष्णता सुमारे १० अंशांनी वाढते. काच थोडी खाली केल्याने विशेष फरक पडत नाही. मागच्या आसनावर झोपलेले मूल विसरले जाते ते वाईट आईबापांकडूनच असे नाही; ज्या दिवशी रोजचा क्रम बदलतो, नेहमी आई सोडते आणि त्या दिवशी आजोबा निघतात, त्या दिवशी कोणाकडूनही होऊ शकते. तो फोन तेवढ्यासाठी असतो.

तापाबद्दल एक गुपित उघड करते. सकाळी अकामोल देऊन पाठवलेले मूल अकरा वाजता आम्हाला कळते. औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप नसेल तरच आणा. उवांचेही तसेच, त्यात लाज नाही, पण त्या नाहीत असे सांगू नका. फोटो काढायचे ते आपल्या नातवंडाचे. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो नातेवाइकांच्या गटात पाठवू नयेत.

आणि सायरन. अश्दोदमध्ये निवाऱ्यात पोहोचायला ४५ सेकंद मिळतात, तुम्हा सर्वांना ते पाठ आहे. मिकलातमध्ये जेवढी मुले मावतात तेवढीच नावे आम्ही घेतो; गेल्या वर्षी काही घरांना नकार दिला त्याचे कारण हेच होते, वशिला नव्हे. सायरन झाल्यावर मूल न्यायला धावत येऊ नका. तुम्ही रस्त्यावर असता, मूल भिंतीआड असते, आणि फाटक उघडायला कोणाला तरी बाहेर यावे लागते. सर्व मुले सुरक्षित असल्याचा निरोप आम्ही स्वतः पाठवतो.

(यानंतर श्रोत्यांतून प्रश्न आला : ‘ऑगस्टमध्ये ठाण्याहून माझा भाऊ येणार आहे. तो नातवाला आणायला जाईल. त्याचे नाव आताच घालता येईल का? त्याच्याकडे इथले ओळखपत्र नाही.’)

येईल. पासपोर्टवर जसे आहे तसे नाव आणि पासपोर्टचा क्रमांक लिहा, आणि सही मुलाच्या आईची किंवा वडिलांची घ्या. आजीची सही चालत नाही, क्षमा करा. पहिल्या दिवशी तुम्ही त्यांना बरोबर घेऊन या, म्हणजे फाटकावरच्या मुलीशी ओळख होईल. दुसऱ्या दिवशी ते एकटे आले तरी ती पासपोर्ट मागेल. त्यांना आधीच सांगून ठेवा. फॉर्म बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ येथेच मिळतील. मराठीतून समजावून भरून द्यायला आम्ही दोघीजणी बसणार आहोत. येताना मुलाची लसीकरणाची वही आणा, आणि चष्मा विसरू नका.