मनोरुग्ण, नृत्योपचार आणि आपली जबाबदारी

तथागत भगवान बुद्धांच्या धम्मात मनाला अग्रस्थान आहे. वंदनेला बसल्यावर, प्रवचन ऐकताना, वर्षावासातील ग्रंथवाचनात आपण मनाविषयी जितके ऐकतो तितके अन्य कशाविषयी क्वचितच ऐकत असू. परंतु शेजारच्या घरातील कोणाचे मन खरोखर आजारी पडले की आपली भाषा बदलते. "त्याला बाहेरचं झालं", "तिच्या डोक्यावर परिणाम झाला" असे म्हणून आपण बाजूला होतो. घरचे लोक त्या माणसाला मागच्या खोलीत ठेवतात, लग्नकार्याला नेत नाहीत, जयंतीच्या मिरवणुकीत तो कोणाच्या नजरेस पडू नये याची काळजी घेतात. आजाराने अर्धा खचलेला माणूस या एकटेपणाने पुरता खचतो.

अशा माणसाला पुन्हा चार लोकांत आणण्याचा एक मार्ग म्हणजे नृत्य व हालचालींद्वारे केला जाणारा उपचार. त्याची ओळख आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

पटाचारेची कथा

मनाच्या आजाराचे इतके स्पष्ट चित्र आपल्या धम्मसाहित्यात आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. श्रावस्तीच्या पटाचारेचा पती सर्पदंशाने गेला, तान्हे मूल ससाण्याने उचलले, मोठे मूल नदीत वाहून गेले, आणि माहेरी पोहोचते तो घर कोसळून आईवडील व भाऊ मरण पावलेले. तिचे भान हरपले. अंगावर वस्त्र नाही अशा अवस्थेत ती फिरू लागली. लोकांनी तिला हुसकले, ढेकळे मारली. जेतवनात ती आली तेव्हाही उपस्थित लोक तिला अडवू लागले. पण भगवंतांनी अडवू दिले नाही. त्यांनी तिला भगिनी म्हणून हाक मारली आणि भानावर येण्यास सांगितले. कोणी तरी आपले वस्त्र तिच्याकडे टाकले. पुढे हीच पटाचारा विनयाची श्रेष्ठ जाणकार भिक्खुणी झाली. पाय धुताना वाहून जाणाऱ्या पाण्याकडे पाहता पाहता तिला अनित्यतेचा बोध झाला, असे सांगतात.

या कथेतील क्रम महत्त्वाचा आहे. आधी तिला लोकांमध्ये जागा मिळाली, मग वस्त्र मिळाले, आणि उपदेश त्यानंतर झाला. आपण मात्र बहुधा उलट करतो. उपदेश भरपूर देतो आणि जागा देत नाही.

नृत्योपचार म्हणजे काय?

नृत्योपचार म्हणजे रुग्णाला नाच शिकविणे नव्हे. येथे रंगमंच नाही, स्पर्धा नाही, चुकले-बरोबर नाही. ज्याला शब्दांत सांगता येत नाही त्याला हालचालीतून सांगू देणे आणि इतरांनी ते समजून घेणे, हे याचे सार आहे.

या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकेतील मरियन चेस या नर्तिकेचे नाव प्रथम घेतले जाते. १९४२ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स या मोठ्या मनोरुग्णालयात काम सुरू केले. दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ. युद्धाच्या आघाताने मन मोडलेले सैनिक तेथे येत होते. काही रुग्ण कोणाशी बोलत नसत. चेसबाई रुग्णांना गोलात उभे करीत, संगीत लावीत, आणि एखादा रुग्ण नुसती बोटे हलवीत असेल तर स्वतःही तशीच बोटे हलवीत. मग सारा गोल तीच हालचाल करी. "तू आम्हाला दिसतोस" हे त्या रुग्णाला शब्दांवाचून कळे. १९६६ मध्ये अमेरिकेत नृत्योपचारकांची संघटना स्थापन झाली आणि चेसबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

एका बैठकीचे साधारण तीन भाग असतात. आरंभी मान, खांदे, मनगटे, पाय यांची सावकाश हालचाल करून अंग मोकळे करतात. मधल्या भागात प्रत्येक जण आळीपाळीने एक हालचाल दाखवितो आणि बाकीचे ती करतात. याला आरशाची पद्धत म्हणता येईल. शेवटी वेग कमी करून सर्व जण बसतात, श्वासाकडे लक्ष देतात आणि ज्याला वाटेल तो काय वाटले ते सांगतो. न सांगणाराही चालतो.

शरीरापासून सुरुवात का?

मनाचा आजार केवळ विचारांत राहत नाही. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाची मान झुकते, चाल मंदावते, आवाज खाली जातो. चिंतेच्या रोग्याचे खांदे ताठ आणि श्वास आखूड होतो. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, या आजारात भास व संशय औषधांनी पुष्कळ आटोक्यात येतात. परंतु उत्साह नसणे, चेहरा निर्विकार होणे, माणसांत न मिसळणे ही लक्षणे मागे रेंगाळतात. घरचे त्याला आळस समजतात. वस्तुतः तोही आजाराचाच भाग असतो. शिवाय काही औषधांनी अंगात ताठरपणा व हातांना कंप येतो. अशा माणसाला "बोल, मन मोकळं कर" असे कितीही सांगितले तरी शब्द फुटत नाहीत. पण समोरच्याने टाळी वाजविली तर त्याचा हात उठू शकतो. तालावर पाऊल टाकताना लक्ष एके ठिकाणी राहते, दुसऱ्याशी मेळ बसतो, आणि तेवढा वेळ तो 'वेडा' नसतो, गोलातील एक माणूस असतो.

आपल्या देशात, आपल्या राज्यात

भारतात ही पद्धत रुजविण्यात त्रिपुरा कश्यप यांचा मोठा वाटा आहे. कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये 'कोलकाता संवेद' ही संस्था स्थापून अत्याचारातून सुटलेल्या मुली व स्त्रियांसाठी नृत्योपचाराचे काम केले. पुढे याच संस्थेच्या सहकार्याने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाचा पदविका अभ्यासक्रम चालविण्यात आला. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना नृत्याद्वारे चालण्या-वळण्याचा आत्मविश्वास देण्याचे काम केले आहे.

आपल्याला अधिक जवळचे वाटावे असे काम पुण्याच्या बापू ट्रस्टचे आहे. भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये ही संस्था स्थापन केली. स्वतःच्या आईच्या वाट्याला आलेले मनोरुग्णालयातील जीवन त्यांनी पाहिले होते. 'सेहेर' या उपक्रमातून संस्थेने पुण्यातील गरीब वस्त्यांमध्ये, म्हणजे माणूस जेथे राहतो तेथेच, मानसिक आधार पोहोचविला आणि त्यात ताल, हालचाल, चित्र, नाट्य यांचा उपयोग केला. श्रीमती दावर यांचे २०२४ मध्ये निधन झाले. वस्तीतल्या वस्तीत हे काम होऊ शकते, हा त्यांनी घालून दिलेला धडा वरवट बकालसारख्या गावाला फार मोलाचा आहे.

सैलानी आणि अंगात येणे

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात या विषयावर लिहायचे आणि सैलानीचे नाव टाळायचे, हे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पिंपळगाव सराईजवळील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते आणि दूरदूरचे लोक आपल्या घरातील मनोरुग्ण तेथे घेऊन येतात. तेथे जाणाऱ्यांत सर्व जातिधर्मांचे लोक आहेत. आपलेही बांधव आहेत. त्यांना हसणे सोपे आहे. पण ज्याच्या घरात तरुण मुलगा रात्ररात्र ओरडतो, ज्याला मानसोपचारतज्ज्ञ कोठे मिळतो हे ठाऊक नाही, तो उघडे दार दिसेल तेथे जाणारच.

देवस्थानी किंवा दर्ग्यावर माणूस घुमतो, केस मोकळे सोडून डोके फिरवितो, तेव्हा त्यालाही काही काळ मोकळे वाटते. दाबून ठेवलेले दुःख बाहेर पडते आणि लोक त्याच्याभोवती असतात. येथवर त्या घुमण्यात आणि नृत्योपचारात साम्य दिसेल. पण पुढे वाटा वेगळ्या होतात. घुमण्यात भान जाते, नृत्योपचारात भान आणले जाते. तेथे दुःखाचे कारण भूत, करणी, बाहेरची बाधा असे सांगितले जाते; येथे दुःख त्या माणसाचे स्वतःचे आहे असे मानून त्याला ते हळूहळू ओळखू दिले जाते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नृत्योपचार औषधे बंद करायला सांगत नाही.

जेथे साखळी व मारहाण येते तेथे तर प्रश्न श्रद्धेचा राहतच नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला खरे तर कायद्याची आठवण करून देण्याची गरज पडू नये.

दोन आक्षेप

आपल्या समाजातून या विषयावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की, उपोसथाच्या दिवशी पाळावयाच्या अष्टशीलांत नृत्य, गीत व वाद्य यांपासून अलिप्त राहण्याचे शील आहे. मग विहारात हे कसे चालेल? हे शील मन चाळवणाऱ्या करमणुकीपासून दूर राहण्यासाठी आहे. नृत्योपचाराचा हेतू करमणूक नाही. सतिपट्ठानातील कायानुपस्सनेत चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे, हातपाय आखडणे व पसरणे या साऱ्यांचे भान ठेवण्यास शिकविले आहे. आजारी माणसासाठी भानपूर्वक हालचाल ही त्या वाटेवरची पहिली पायरी म्हणता येईल. तरीही शीलाचा मान राखून उपोसथाचा दिवस वगळावा आणि मूर्तीसमोरील जागेऐवजी अंगण किंवा शाळेचा व्हरांडा वापरावा, असे आम्हांस वाटते.

दुसरा आक्षेप मनाला टोचणारा आहे. आपल्या पूर्वजांना दुसऱ्यांच्या जत्रेत वाजवावे लागले, पोटासाठी तमाशाच्या फडात उभे राहावे लागले. म्हणून 'नाच' या शब्दानेच अनेक वडीलधाऱ्यांना अपमान आठवतो. परंतु त्याच ढोलकीवर आंबेडकरी जलसाकारांनी प्रबोधन उभे केले, आणि जयंतीला आपली मुले लेझीम अभिमानाने खेळतात. कला कोणापुढे आणि कशासाठी, यावर तिची प्रतिष्ठा ठरते.

पुरावा काय सांगतो?

कालामांना दिलेला उपदेश आपण मानतो, तेव्हा येथेही पारखून घेतले पाहिजे. स्किझोफ्रेनियावरील नृत्योपचाराच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात निकषांत बसणारी एकच चाचणी सापडली. तीत ४५ रुग्ण होते. नैराश्यावरील २०१५ च्या आढाव्यात ३ चाचण्या व १४७ माणसे होती. एवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे दोन्ही ठिकाणी म्हटले आहे. नैराश्यावरील व्यायामाच्या २१८ चाचण्यांचा, १४ हजारांहून अधिक लोकांचा आढावा २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात नृत्याचा परिणाम चांगला दिसला, पण नृत्यावरील चाचण्या थोड्याच होत्या. म्हणून आम्ही एवढेच म्हणतो की नृत्योपचार हा औषधाला जोड आहे, पर्याय नाही.

आपल्या गावी काय करता येईल?

प्रशिक्षित उपचारकाशिवाय 'उपचार' हा शब्द वापरू नये. मात्र हालचालींचा साप्ताहिक वर्ग कोणत्याही विहाराला घेता येईल. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

(१) ज्यांचे औषधोपचार चालू आहेत व आजार काबूत आहे अशा ८ ते १० जणांना, घरच्या एका माणसासह बोलवावे. रुग्ण अत्यंत उत्तेजित असताना आणू नये. डॉक्टरांना आधी विचारावे.

(२) स्त्रियांचा गोल वेगळा असावा. परवानगीवाचून कोणी कोणाला स्पर्श करू नये, कोणावर जबरदस्ती करू नये.

(३) डीजे नको. डफ, ढोलकी किंवा सावकाश लेझीम पुरेशी आहे. गरगर फिरणे व जोरजोराने श्वास घेणे टाळावे. काही औषधांनी एकदम उठल्यावर चक्कर येते, हे लक्षात ठेवावे.

(४) आपल्याकडील उन्हाळा कडक. वर्ग सकाळी लवकर घ्यावा, पिण्याचे पाणी ठेवावे. लिथियम घेणाऱ्यांना घाम येऊन अंगातील पाणी कमी झाले तर धोका संभवतो. संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यातील, येथे मूत्रपिंडाचे आजार पुष्कळ. आणि लिथियम मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. म्हणून अशा रुग्णांनी रक्ततपासणी चुकवू नये.

(५) वर्गात जे घडले ते गावात सांगू नये. हा नियम सर्वांत कडक असावा.

विद्यार्थ्यांनी ताल धरण्याचे, वृद्धांना आणण्या-पोहोचविण्याचे आणि औषधाच्या तारखा लिहून ठेवण्याचे काम अंगावर घ्यावे. ज्यांचा इलाजच सुरू नाही त्यांना आधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते, मराठीतही बोलता येते. आत्महत्येचे विचार बोलून दाखविणाऱ्याला एकटे सोडू नये. आपल्या विदर्भातील शेतकरी कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) देशातील प्रौढांपैकी सुमारे दहा टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. याचा अर्थ असा की प्रत्येक वस्तीत, कदाचित आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात असा माणूस आहे. येत्या जयंतीला लेझीमचा गोल धरला जाईल, तेव्हा मागच्या खोलीत बसलेल्या त्या भावाला, त्या बहिणीला हात देऊन गोलात घेणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक वस्तीतून पुढे यावा, एवढीच आमची समाजबांधवांना विनंती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!