फळीचं म्हणणं

लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शेजारचं कुरवंडे गाव तर घाटाच्या अगदी तोंडाशी. नागफणीच्या कड्यावरून आलेला ढग थेट घरात शिरतो, दारं फुगतात, भांड्यातलं मीठ पाझरतं. अशा हवेत अकूस्टिक गिटार हाताने घडवायची कल्पना वेडगळ वाटेल. पण गिटार हाताने का घडवावी, याचं सर्वांत पटणारं उत्तर मला याच हवेत दिसतं.

गिटारीचा आवाज मुख्यतः वरच्या फळीचा. स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेसने १८६२ साली पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या करून, फक्त वरची फळी लाकडी ठेवून गिटार बांधली, ती हेच दाखवायला. पोलादी तारांच्या गिटारीत ही फळी सुमारे अडीच-तीन मिलिमीटर जाड, आणि तारांचा तिच्यावरचा ताण सत्तर किलोच्या घरात. जाड ठेवली तर टिकते पण घुमत नाही. पातळ केली तर घुमते आणि काही वर्षांत पोट काढते. त्यात एकाच खोडातल्या दोन फळ्याही सारख्या ताठ नसतात. कारखाना जाडी ठरवतो आणि सगळ्या फळ्यांना तीच लावतो. कारागीर फळी दोन्ही हातांनी किंचित वाकवून बघतो, टिचकी मारून कान देतो, मग रंधा फिरवतो. आतल्या आधारपट्ट्या पटाशीने तासताना पुन्हा टिचकी. हातकामाची किंमत या निवाड्याची आहे, घामाची नव्हे.

यंत्राचा हात माणसापेक्षा अचूक, असा आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. पडद्यांच्या खाचा यंत्राने पाडाव्यात, त्यात कमीपणा काही नाही. पण कुठे किती लाकूड ठेवायचं, हे त्या फळीपुरतं कुणीतरी ठरवावं लागतं. कारखान्याला हजारो गिटारी नाना हवामानांत पाठवायच्या असतात, म्हणून तो जाडी चार केस जास्तच ठेवतो. त्यात लबाडी नाही. शिकणाऱ्याने कारखान्याचीच गिटार घ्यावी.

महाराष्ट्रात या निवाड्याची परंपरा आहेच, फक्त ती मिरजेत आहे. शस्त्रं घडवणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली; मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे वेलीवरूनच वेगवेगळे उतरतात, तेव्हा प्रत्येक वाद्य त्या भोपळ्याच्या मापाने बांधावं लागतं. तारेला झंकार देणारी घोडीवरची जवारी तर कानशीने घासायची, कानाला पटेपर्यंत.

लाकूडही आपल्याकडचंच आहे. ब्राझीलने १९६०च्या दशकात आपल्या रोझवूडच्या ओंडक्यांची निर्यात रोखल्यावर अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसव धरला, आणि जगभरच्या अनेक गिटारींच्या पाठी आपल्या शिसवाच्या झाल्या. कडेसाठी त्याची दोनेक मिलिमीटरची ओली पट्टी तापल्या नळीवर हळूहळू दाबत वळवतात. घाई केली की पट्टी तडकते आणि जोडीची दुसरीही वाया जाते.

राहिला पाऊस. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, कोरड्यात आकसतं. भर श्रावणात उघड्या पडवीत चिकटवलेली फळी दिल्लीच्या उन्हाळ्यात चिरणारच. म्हणून फळ्या बंद खोलीत, शेकडा ४५ ते ५० आर्द्रतेला मुरवून मगच सरस लावायचा. हवेतलं पाणी ओढणारं यंत्र तिथे रंध्याइतकंच गरजेचं. कोरड्या गावातल्या कारागिराला ही शिस्त टाळता येते. कुरवंड्यात एका पावसाळ्यातच चूक उघडी पडते, म्हणून जागा वाईट असं मी म्हणणार नाही. अडचण वेगळीच आहे: मिरजेत पोरगं घरातच जवारी ऐकत मोठं होतं, गिटारीची अशी घरं आपल्याकडे नाहीत.