मते बदलतात, पण कशी?

शिक्षकांच्या खोलीत किंवा घरच्या जेवणात राजकारणाचा विषय निघाला की पुढे काय होते ते आपल्याला पाठ असते. एक जण आकडे देतो, दुसरा त्याहून मोठे आकडे देतो. आवाज चढतात. शेवटी दोघेही आपले मत पूर्वीपेक्षा घट्ट धरून उठतात.

मग बोलून मत बदलतच नाही का? या प्रश्नावर सुभाषिते पुष्कळ आहेत, पण तो प्रयोग करूनही तपासता येतो. अमेरिकेत तो तसा तपासला गेला. त्याची हकीकत विज्ञान शिकवणाऱ्यांनी जाणून घ्यावी अशी आहे.

नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्निया राज्यात समलिंगी विवाहांवर बंदी घालणाऱ्या प्रस्तावावर मतदान झाले आणि निकाल बंदीच्या बाजूने लागला. बंदीविरुद्ध झटलेल्या लॉस एंजेलिसमधील कार्यकर्त्यांना धक्का बसला. डेव्ह फ्लायशर यांच्या पुढाकाराने त्यांनी एक वेगळाच मार्ग धरला. ज्यांनी बंदीला मत दिले त्यांच्याच दारी जाऊन, ‘तुम्ही असे मत का दिलेत?’ असे ते विचारू लागले. पुष्कळ घरे फिरल्यावर त्यांची एक पद्धत बसत गेली. मुद्दे मांडत बसायचे नाही. समोरच्याला दोष द्यायचा नाही. त्याचा अनुभव विचारायचा, तो नीट ऐकायचा आणि मग आपला सांगायचा.

याने लोकांची मते बदलतात असे कार्यकर्त्यांना वाटे. पण वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. दारात आलेल्याला माणूस भिडेखातरही ‘पटले’ म्हणतो. तो गेल्यावर काय?

डिसेंबर २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख आला. एका भेटीतल्या संभाषणाने बदललेली मते अनेक महिने टिकतात, असा त्यात दावा होता. त्याचा खूप गाजावाजा झाला. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला या दोन संशोधकांनी तशाच धर्तीचा प्रयोग हाती घेतला. पाहणीला उत्तरे देणाऱ्यांचे प्रमाण त्यांना त्या लेखातल्यापेक्षा फारच कमी मिळाले. म्हणून ते लेखातली आकडेवारी पुन्हा तपासू लागले. ती संशयास्पद वाटावी इतकी नीटनेटकी होती आणि एका जुन्या पाहणीतल्या आकड्यांशी विलक्षण जुळत होती. मूळ नोंदी मागितल्या, तर त्या मिळाल्या नाहीत. लेखाच्या दोन लेखकांपैकी एकाने, डोनाल्ड ग्रीन यांनी, स्वतःच लेख मागे घ्यावा अशी विनंती केली. मे २०१५ मध्ये तो मागे घेतला गेला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पुरावा खोटा ठरला म्हणजे पद्धत निरुपयोगी ठरली असे नाही. प्रश्न पुन्हा मोकळा झाला, एवढेच. तो सोडवायला पुढे आले ते ब्रूकमन आणि कॅलाच.

त्यांचा प्रयोग फ्लोरिडातील मायामी इथे झाला. विषय होता पारलिंगी व्यक्तींबद्दलचा पूर्वग्रह. जन्माच्या वेळी ठरवलेले लिंग ज्यांना आपले वाटत नाही, त्या पारलिंगी व्यक्ती. आधी मतदारांची एक पाहणी केली. तिचा दारावर येणाऱ्या कार्यकर्त्यांशी संबंध आहे हे मतदारांना कळू दिले नाही. मग अक्षरशः चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाशी कार्यकर्ते पारलिंगी व्यक्तींबद्दल सुमारे दहा मिनिटे बोलले. ‘आपण वेगळे आहोत म्हणून तुम्हाला कधी कुणी हिणवले होते का?’ असे त्यांनी विचारले. दुसऱ्या गटाशी ते कचऱ्याच्या पुनर्वापराबद्दल बोलले.

दुसऱ्या गटाशी बोलायचेच कशाला, असे कुणी विचारील. पण अनोळखी माणसाला दार उघडणारे लोक आणि न उघडणारे लोक स्वभावानेच वेगळे असू शकतात. म्हणून तुलना दार उघडणाऱ्यांची दार उघडणाऱ्यांशीच व्हायला हवी.

दार उघडून बोललेल्या ५०१ मतदारांची मते पुढे तीन महिने अधूनमधून विचारली गेली. पहिल्या गटातला पूर्वग्रह कमी झाला होता आणि तीन महिन्यांनंतरही तो बदल टिकून होता. बोलायला गेलेली व्यक्ती स्वतः पारलिंगी असो वा नसो, परिणाम दिसला. हे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्येच प्रसिद्ध झाले.

पण या संभाषणातला नेमका कोणता घटक काम करतो? तेही तपासले गेले. अमेरिकेत सात ठिकाणी सुमारे ६,८०० मतदारांशी संभाषणे करून झालेल्या तीन प्रयोगांचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. त्यातल्या एका प्रयोगाचा विषय कागदपत्रांशिवाय देशात राहणारे स्थलांतरित हा होता. काही संभाषणांत मुद्दे होते आणि अनुभवांची देवाणघेवाणही होती. काहींत देवाणघेवाण काढून नुसते मुद्दे ठेवले. नुसत्या मुद्द्यांचा परिणाम दिसला नाही. देवाणघेवाण असलेल्या संभाषणांचा परिणाम काही महिने टिकला.

असे का व्हावे? मुद्द्याला प्रतिमुद्दा असतो, पण कुणाच्या अनुभवाला ‘चूक’ म्हणता येत नाही. समोरचा आपला न्यायनिवाडा करायला आलेला नाही हे जाणवले की बचावाची ढाल खाली येते. निदान संशोधकांची समजूत अशी आहे.

मात्र ही जादूची कांडी नाही. बहुतेकांची मते होती तिथेच राहिली. सरासरी बदल लहानच होता. पद्धतीला वेळ लागतो. शिवाय कोणते मत बरोबर हे ही पद्धत सांगत नाही. ते ठरवायला पुरावेच लागतात.

वर्गात हे करून पाहता येईल. गावात ज्यावर दोन तट आहेत असा, पण फार न दुखावणारा प्रश्न निवडा. प्रत्येकाने आपले मत शून्य ते दहा या आकड्यात चिठ्ठीवर लिहून द्यावे. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावा. निम्म्या जोड्यांनी त्या प्रश्नावर बोलावे, निम्म्यांनी भलत्याच विषयावर. ‘माझे कसे बरोबर’ हे सांगायचे नाही; ‘कशामुळे मला असे वाटू लागले’ हे सांगायचे. ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगावे आणि बोलणारा ‘हो, असेच’ म्हणेपर्यंत पुढे जाऊ नये. लगेच आणि एका महिन्याने पुन्हा आकडे घ्या.

दोन पथ्ये पाळा. कुणाही मुलाला दुखरा अनुभव सांगायला भाग पाडू नका. कुणालाही त्याच्या जातीचा, धर्माचा किंवा वस्तीचा प्रतिनिधी म्हणून उभे करू नका.

एका वर्गाच्या चाळीस आकड्यांवरून काही सिद्ध होणार नाही, हेही मुलांना सांगा. आकडे हलले नाहीत तर तसेच नोंदवा. हवे तसे आकडे लिहिणाऱ्याचे काय झाले, ते वर सांगितलेच आहे.